मोगॅम्बोला परत आणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'मिस्टर इंडिया'चा दुसरा भाग निघणार, ही बातमी गेली कित्येक वर्षं अधूनमधून येते आणि विरून जाते. २०२० च्या फेब्रुवारीत अली अब्बास जफर यांनी तर एकदम तीन भागांची घोषणा केली होती. मूळ चित्रपटाचे दिग्दर्शक शेखर कपूर यांनी तेव्हा, आपल्याला कुणी विचारलंसुद्धा नाही, असं जाहीरपणे म्हटलं होतं. तेव्हापासून आमच्या घरात रात्री ताटावर बसलं की एकच वाद निघतो. दुसऱ्या भागात मोगॅम्बो, म्हणजे मूळचा खलनायक, हवा की नको? नातू म्हणतो हवाच, त्याच्याशिवाय पिक्चर कसला. मी म्हणतो नको.

गेल्या आठवड्यात नातवानं मोबाइलवर मला एक तुकडा दाखवला. कुणीतरी कॉम्प्युटरकडून मोगॅम्बो बनवून घेतलाय. तोच जरीचा कोट, तेच पिंगट केस, आवाजही जवळजवळ तोच. आणि बोलतोय क्रिकेटच्या सामन्याबद्दल. "बघा आजोबा, आता माणूस नसला तरी काम भागतं," नातू म्हणाला. पोरगं वाईट हेतूनं बोललं नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. मनात साठलेलं आज लिहून काढतो. जागा असेल तर छापा.

मी ऑपरेटर होतो. सिनेमाचं मशीन चालवायचो. आधी तालुक्याच्या गावी पक्क्या थिएटरात नऊ वर्षं आणि पुढे टुरिंग टॉकीजवर, म्हणजे आमच्या भाषेत तंबूवर. पालीचा खंडोबा, पुसेगावचे सेवागिरी महाराज, यात्रा असेल तिथं आमचा ट्रक. ट्रकातच मशीन बसवलेलं, समोर तंबू, तंबूच्या टोकाला पांढरा पडदा. मध्ये दोरी बांधून एका अंगाला बायका, दुसऱ्या अंगाला पुरुष. माणसं जमिनीवर पोतं टाकून बसायची. मशीन एकच, त्यामुळे रीळ संपलं की उजेड करायचा, नवं रीळ चढवायचं, तोवर शिट्ट्या. पहाटेपर्यंत खेळ चालायचे.

'मिस्टर इंडिया' मी किती वेळा चालवला त्याची मोजदाद नाही. चित्रपट लागला २५ मे १९८७ ला, पण तंबूत येणारी प्रिंट ही मोठ्या शहरांतून, मग तालुक्यांतून फिरून, ओरखडे घेऊन आलेली असायची. तरीही या चित्रपटाला आमच्या तंबूत मरण नव्हतं. यात्रेत पोरं लाल जिलेटीनचा कागद विकत घ्यायची आणि बॅटरीच्या काचेवर लावून अंधारात हिंडायची. अदृश्य झालेला मिस्टर इंडिया लाल उजेडात दिसतो ना, म्हणून. मी स्वतः बघितलंय, रात्री अकरा वाजता तंबूच्या मागं चारपाच लाल ठिपके एकमेकांना शोधत फिरताना.

मशीनवरचा माणूस पिक्चर पडद्यावर कमी बघतो, माणसांच्या डोक्यांवरून जास्त बघतो. कुठल्या रिळाला तंबू कसा होतो, हे त्याला पाठ असतं. या पिक्चरला सगळ्यात मोठा दंगा गाण्याला नव्हता, की 'मोगॅम्बो खुश हुआ' या तीन शब्दांच्या वाक्यालाही नव्हता. तो होता धान्यात खडे मिसळणाऱ्याला तेच खडे खायला लावतात त्या जागेला. आणि दंगा करायच्या त्या बायका. ज्यांनी त्या दिवशी सकाळीच रेशनचे तांदूळ सुपात घेऊन खडे वेचले होते, त्या बायका. एरवी पदर तोंडाला लावून बसणाऱ्या. मोगॅम्बो आम्हाला परग्रहावरचा वाटला नाही, तो या खड्यांमुळे. त्याचा अड्डा, ते पाण्यासारखं उकळणारं तेजाब, त्यात हुकूम झाला की उड्या टाकणारे शिपाई, हे सगळं बघायला भारी होतं, पण त्याची साखळी खाली येत येत आमच्या सुपापर्यंत येत होती.

आणि टीना. नायकानं सांभाळलेल्या अनाथ पोरांतली सगळ्यात धाकटी. मोगॅम्बोच्या माणसांनी ठेवलेल्या बॉम्बनं ती जाते. त्या रिळाला तंबूत आवाज नसायचा. जनरेटरची धडधड तेवढी ऐकू यायची. मुलांच्या पिक्चरमध्ये मूल मारायचं, हे सलीम-जावेद यांनी किती विचार करून लिहिलं असेल! या दोघांनी मिळून लिहिलेला हा शेवटचा चित्रपट. एवढ्या लहान पोरीचा जीव घ्यायचा तर त्याचा हिशेब पुरता झाला पाहिजे. तो शेवटच्या रिळात होतो. देशावर सोडायला ठेवलेली क्षेपणास्त्रं तिथंच फुटतात आणि मोगॅम्बो आपल्याच अड्ड्यात संपतो.

आता १९८९ च्या डिसेंबरातली गोष्ट सांगतो. पुसेगावची यात्रा, कडाक्याची थंडी. तिसरा खेळ, तंबूत पाय ठेवायला जागा नाही. प्रिंट थकलेली. कडेची भोकं जागोजागी फाटलेली, मी दर रिळाला जीव मुठीत धरून बसलेलो. शेवटचं रीळ निम्म्यावर आलं आणि फिल्म गेटमध्ये, म्हणजे दिव्यासमोरच्या खिडकीत, अडकली. एक सेकंद. मशीनच्या दिव्यातली, कार्बनच्या दोन कांड्यांमधली ज्योत इतकी तापट असते की थांबलेल्या फिल्मला तेवढा वेळ पुष्कळ झाला. पडद्यावर चित्राच्या मध्यावर आधी तपकिरी फोड आला, फोड फुगला, त्याच्या कडा काळ्या झाल्या आणि आतून पांढराशुभ्र उजेड बाहेर आला. मी झडप टाकली. बघतो तर पुढची बरीच फिल्म खालच्या चाकात गुंतून चिंधड्या झालेली.

जोडायला अर्धा-पाऊण तास तरी हवा होता. बाहेर पुढच्या खेळाची गर्दी दोऱ्या तोडायला आलेली. मालकांनी सांगितलं, उजेड कर, सोड सगळ्यांना. मी म्हटलं, शेवट राहिलाय. ते म्हणाले, शेवट सगळ्यांना माहीत असतो. मी उजेड केला. तो उजेड मी करायला नको होता, हे मला अजून वाटतं.

मोठी माणसं शिव्या घालत उठली आणि गेली. पोरं उठेनात. पंधरावीस पोरं तशीच पडद्याकडे तोंड करून बसून राहिली. त्यांना हाताला धरून बाहेर काढलं. आणि मी ट्रकात खाली मान घालून चिंधड्या गोळा करत होतो, तेव्हा फाळक्याशी एक पोरगं येऊन उभं राहिलं. सातआठ वर्षांचं, माकडटोपी घातलेलं.

"मामा, मेला का त्यो?"

"कोण?"

"मोगॅम्बो."

"मेला की."

"कसा मेला?"

मी सांगितलं. क्षेपणास्त्रं कशी फुटली, अड्डा कसा उडाला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मग म्हणालं, "म्हंजी त्येच्याच बॉम्बानं?"

"व्हय."

"टीनाला मारली तसंच?"

"तसंच."

"मंग बरं झालं," म्हणालं आणि गेलं.

मी पुष्कळ जणांना ही गोष्ट सांगितली. सगळे म्हणतात, लहान पोर, त्याला गंमत वाटली असेल. नाही हो. मी त्याचं तोंड बघितलंय. ते थंडीत तिथं उभं होतं, कारण टीना मेलेली त्यानं बघितली होती आणि ज्यानं मारली त्याचं काय झालं ते बघायचं राहिलं होतं. ते कळल्याबिगर त्याला घरी जाता येत नव्हतं.

संपादक महाशय, मोगॅम्बोला दुसऱ्या भागात जिवंत करणं म्हणजे त्या पोराला जाऊन सांगणं की मामा खोटं बोलला. मेला नव्हता तो. स्फोटातून निसटला होता, पाणबुडीत बसून गेला होता, नाहीतर जळाला तो त्याचा जुळा भाऊ होता. असल्या युक्त्या लिहिणाऱ्याला दहा मिनिटांत सुचतात. पण मग टीना कशासाठी गेली? तिला कुणी परत आणणार आहे का? तिला आणायची भाषा कुणीच करत नाही. परत आणायचा तो मारणारा, कारण त्याचं नाव पोस्टरवर चालतं.

नातवाचीही बाजू सांगतो, कारण तो बिनविचारानं बोलत नाही. तो म्हणतो, मोगॅम्बोच्या कामासाठी आधी अनुपम खेर ठरले होते, हे खुद्द खेर यांनीच सांगितलंय. म्हणजे भूमिका दुसरा कुणी करू शकत होता. मग आता दुसऱ्या कुणी केली तर काय बिघडलं? आणि जोकरचं उदाहरण देतो. २००८ च्या बॅटमॅनच्या चित्रपटात हीथ लेजरनं जोकर केला. तो त्या वर्षीच्या जानेवारीत वारला, चित्रपट जुलैत लागला आणि ऑस्कर त्याला मरणोत्तर मिळालं. पुढं २०१९ च्या चित्रपटात वाकीन फिनिक्सनं जोकर केला, त्यालाही ऑस्कर. मग?

मी हे सगळे चित्रपट नातवाबरोबर हिंदीतून बघितलेत आणि मला वाटतं, त्याचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. जोकर हा १९४० सालापासून कॉमिकच्या पुस्तकात आहे. लेजरच्या आधीही त्याला कितीतरी तोंडं मिळालेली होती. कीर्तनात नारद जसा कुठल्याही बुवांच्या तोंडून येतो, तसं ते पात्र आहे. मोगॅम्बो कुठल्या पुस्तकात नव्हता. तो एका चित्रपटात जन्मला, त्याच चित्रपटात मेला, आणि त्याला एकच गळा मिळाला. आणि लेजरचं म्हणाल तर २००८ च्या चित्रपटाच्या शेवटी जोकर मेलेलाच नाही, नायक त्याला उलटा टांगून पोलिसांसाठी सोडतो. म्हणजे गोष्टीत दार सताड उघडं होतं. तरी त्याच दिग्दर्शकानं, ख्रिस्तोफर नोलन यांनी, २०१२ च्या पुढच्या चित्रपटात जोकरचं नावसुद्धा कुणाच्या तोंडी येऊ दिलं नाही. गेलेल्या माणसाची खुर्ची रिकामी ठेवली. मला तो माणूस फार आवडला त्या एका गोष्टीसाठी.

परत येणं मुळातच वाईट, असं मी म्हणत नाही. स्पायडरमॅनचा तो हिरवा राक्षस, ग्रीन गॉब्लिन, २००२ च्या चित्रपटात आपल्याच यंत्राच्या पात्यानं मरतो. विलेम डॅफो यांनीच तो २०२१ मध्ये पुन्हा केला. पण तिथं त्याला मरणानंतर उठवलेलं नाही, मरणाच्या आधीच्या घडीतून ओढून आणलंय, आणि नायकापुढं प्रश्न ठेवलाय की याला मरायला परत पाठवायचं की बरं करायचं. म्हणजे जुना हिशेब पुसला नाही, त्यावरच पुढची गोष्ट रचली. शिवाय माणूस तोच, हयात, एकोणीस वर्षांनी म्हातारा होऊन आलेला. असं कुणाला जमलं तर मी पहिल्या रांगेत बसेन.

आमच्याकडं काय झालं? 'शोले'तल्या गब्बरचं बघा. १९७५ मध्ये सेन्सॉरनं ठाकूरच्या हातून त्याला मरू दिलं नाही, पोलिसांच्या हवाली करायला लावलं. म्हणजे गब्बर तर कायद्यानं जिवंत! तरी १९९१ साली 'रामगढ के शोले' नावाच्या चित्रपटात खुद्द अमजद खान पुन्हा गब्बर झाले. मी तो तंबूत चालवलाय. लोक हसले, पण तो गब्बर बघून एकही पोर आईच्या कुशीत शिरलं नाही. मग २००७ मध्ये रामगोपाल वर्मांनी अमिताभ बच्चन यांना तसला खलनायक करून बघितलं. अमिताभ! तो चित्रपट साफ पडला, हे आपल्या वाचकांना माहीत आहे.

आता त्या आवाजाबद्दल. हे मला ऑपरेटर म्हणूनच सांगता येईल. जुन्या फिल्मवर चित्रांच्या कडेला एक बारीक पांढरी रेघ असते, तो आवाज. मशीनमधला दिवा त्या रेघेतून जातो आणि कर्ण्यातून बोलणं येतं. फिल्म उजेडाला धरली की ती रेघ डोळ्यांना दिसते. बायकांचं गाणं असेल तिथं ती दाट, बारीक दातांच्या करवतीसारखी. मोगॅम्बो झालेले अमरीश पुरी बोलतात तिथं रेघ फुगते, दात लांब लांब होतात, जणू कुणी सावकाश श्वास घेतंय. मी रीळ जोडताना नुसत्या रेघेवरून ओळखायचो की इथं मोगॅम्बो बोलतोय.

तो आवाज काही मशीननं दिलेला नव्हता. अमरीश पुरी ऐन तरुणपणी हिरो व्हायला आले आणि तोंड बघून परत पाठवले गेले. मग कर्मचारी राज्य विमा महामंडळात कारकुनी, आणि कारकुनी सांभाळून नाटक. नाट्यदिग्दर्शक सत्यदेव दुबे यांच्या हाताखाली, इथं मुंबईत. सिनेमात धड काम मिळेस्तोवर चाळिशी आली. मोगॅम्बो पडद्यावर आला तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होत होते. म्हणजे त्या तीन शब्दांच्या मागं तीसेक वर्षांचा गळा होता. त्यांच्या अंगावरचा कोटही माधव अगस्ती यांच्यासारख्या कारागिराच्या हातचा. १२ जानेवारी २००५ ला अमरीशजी गेले. त्यांची परवानगी आता कोण देणार? घरच्यांनी कागदावर सही केली तरी तो गळा त्यांचा होता, त्यांच्या बदल्यात कुणी दुसऱ्यानं खुश व्हायचं हे मला पटत नाही. श्रीदेवी गेल्या, कॅलेंडर झालेले सतीश कौशिक गेले. त्या सगळ्यांना आता बोलायला लावणार का?

आणि हा आवाजाचा खेळ मला नुसता सिनेमापुरता वाटत नाही. गेल्या वर्षी माझ्या मेहुणीला फोन आला. आवाज तिच्या पुण्याच्या भाच्याचा. "मावशी, अडचणीत आहे, पैसे पाठव." शेळ्या विकून ठेवलेले चाळीस हजार गेले. भाचा त्या वेळी घरी जेवत बसला होता. ती पैशांपेक्षा याच गोष्टीला रडली की मी त्याचा आवाज ओळखला कसा नाही.

माझं म्हणणं, दुसरा भाग काढा, अवश्य काढा. ते अदृश्य करणारं मनगटावरचं यंत्र नव्या पोराच्या हातात द्या. पण खलनायक नवा आणा, आजचा. १९८७ ला खलनायक सिंहासनावर बसून दिसत होता आणि नायक अदृश्य होता. आज माझ्या मेहुणीला लुटणारा अदृश्य आहे. त्याला ना तोंड ना गाव, आवाज तेवढा आहे आणि तोही दुसऱ्याचा चोरलेला. त्याला पकडणारा मिस्टर इंडिया दाखवा. आमच्या गावच्या बायका अजून तसाच दंगा करतील, मला खात्री आहे. लाल दिव्याच्या उजेडात या वेळी खलनायक दिसला पाहिजे. आणि त्याचा शेवट पुरता दाखवा, वरती तिसऱ्या भागासाठी त्याचा हात ढिगाऱ्यातून हलताना दाखवू नका.

पुसेगावची गोष्ट थोडी राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ट्रकाच्या सावलीत ते रीळ जोडत बसलो होतो. ब्लेडनं कड खरवडायची, सिमेंट लावायचं, दोन बोटांनी दाबून धरायचं, पुढचा जोड. तेच पोरगं आलं. त्याच्याबरोबर आणखी दोघं. मी फिल्म उन्हाला धरून त्यांना स्फोटाची चित्रं दाखवली. नखाएवढी चित्रं, एकाखाली एक, सगळी नारिंगी. "ह्यात मोगॅम्बो कुठाय?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "जाळाच्या आत." त्यानं डोळा बारीक करून पुष्कळ वेळ बघितलं.

कडा फाटलेली बारा चित्रं मला कापावीच लागली. वीतभर पट्टी, पडद्यावरचा अर्धा सेकंद. सहा त्याला दिली, सहा मी ठेवली. रात्री जोडलेलं रीळ चालवलं, तेव्हा ती तिघंही पुढं बसलेली होती आणि शेवटपर्यंत उठली नाहीत.

माझी सहा चित्रं अजून तंबाखूच्या डबीत आहेत. परवा नातवाला खिडकीत धरून दाखवली. जुन्या फिल्मचा रंग उडतो, नारिंगीचा आता फिकट गुलाबी झालाय. पण जाळ आहे, एवढं कळतं.

आपला,
एक निवृत्त सिनेमा ऑपरेटर
ता. खटाव, जि. सातारा